मर्टलआजींची पुसलेली ओळ

मी संकेतस्थळावरचं एक उत्तर आहे. मंगळवारपासून एका निरोपाची वाट बघतो आहे.

माझा जन्म नोव्हा स्कोशियात, समुद्राकाठच्या एका स्वयंपाकघरात झाला. मर्टल झिंक नावाच्या आजींनी मला दोन बोटांनी टंकून काढलं. तीस वर्षं शाळेत स्वयंपाक केलेली बाई. प्रश्नोत्तरांच्या आमच्या संकेतस्थळावर कुणीतरी विचारलं होतं, घेवड्याच्या शेंगा बरणीत भरून वर्षभर कशा टिकवायच्या? आजींनी सांगितलं, मोठ्या प्रेशर कुकरात, दहा पौंड दाबाचं वजन लावून, वीस मिनिटं. विचारणाऱ्याने मला हिरवी खूण दिली. ती मिळाली की उत्तर कायम सगळ्यांच्या वर बसतं. दोनशे बारा मतंही पडली. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझ्या खाली गप्पांचा फड रंगायचा. एकाने विचारलं, "आजी, हे माझ्या बायकोला जमेल का?" आजी म्हणाल्या, "का रे, तुला हात नाहीत?" याच गर्दीत त्यांनी एक ओळ लिहिली होती: "मी पडले समुद्राकाठची. समुद्रापासून हजार फुटांहून उंचावर राहणाऱ्यांनी पंधराचं वजन लावा, नाहीतर शेंगांत विष तयार होतं. त्याला वासही येत नाही."

दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. मग ड्वेन साफसफाईला आला. त्याचं अमेरिकेत टोलेडोला कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे, उरल्या वेळात आमच्याकडे फुकट राबतो. माणूस वाईट नाही, पण टापटिपीचा भारी सोस. गप्पा, थट्टा, आभार हा सगळा कचरा, असा इथला नियमच आहे. एका दुपारी त्याने माझ्या खालच्या एक्केचाळीस ओळी एका झटक्यात पुसल्या. त्यांत ती ओळही गेली.

तेव्हापासून मी अर्धवट आहे आणि डोक्यावर हिरवी खूण मिरवतो आहे. कुणी वाचायला आलं की वाटतं, विचारावं. कुठून आलात हो, किती उंचावरून? पण उत्तराला प्रश्न विचारता येत नाही.

मंगळवारी दुपारी जोलीन त्रुहीयो आली. तिने माझ्याखाली, नवीन उत्तर लिहायच्या चौकटीतच आपला प्रश्न लिहिला. नवख्यांची ही नेहमीची चूक, आणि असलं लिखाण इथे न वाचताच उडवतात.

"आजी, तुमच्या रीतीने ऑगस्टमध्ये चोवीस बरण्या भरल्या. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला चर्चमध्ये सत्तर पानं उठायची आहेत. एका बरणीचं झाकण फुगलंय. ती टाकते, बाकीच्या चालतील ना?"

ड्वेन सँडविच खाता खाता चुकीच्या जागी पडलेलं लिखाण उडवत होता. एक उडवलं, दुसरं उडवलं, आणि जोलीनवर येऊन त्याचं बोट थांबलं. 'फुगलंय' या शब्दाने थांबवलं असावं. त्याने माझ्याखालून पुसलेल्या ओळी पुन्हा उघडल्या, तेवढा अधिकार त्याला आहे. आजींची ओळ वाचली. मग जोलीनला विचारलं, "ताई, तुमचं गाव किती उंचावर आहे?"

"कोलोरॅडोत आहोत आम्ही. साडेसात हजार फूट असेल. का हो?"

"एकही बरणी उघडू नका. चूक माझी आहे."

जोलीनची पुढची ओळ आली.

"एक उघडली होती. ती फुगलेली नव्हती ना. काल सासऱ्यांनी चाखली. आज सकाळपासून त्यांना एकाचे दोन दिसतायत. आम्ही म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

ड्वेनने लिहिलं, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. बरणी बरोबर घ्या."

त्यानंतर जोलीनची ओळ आलेली नाही. ड्वेनने आजींची ओळ माझ्या माथ्यावर ठळक अक्षरांत बसवली. मी पुरा झालो, पण त्या म्हाताऱ्याला त्याचा काय उपयोग?

आज शुक्रवार. ड्वेन दर तासाला हे पान उघडतो, खालपर्यंत बघतो आणि बंद करतो. मीही खालीच बघत असतो. मला फार भीती वाटते आहे.

जोलीन, आमच्याकडे कुणी नुसतं 'धन्यवाद' लिहिलं तर ते पुसून टाकतात. तू लिही. या वेळी कुणी पुसणार नाही.