पूजेचा दोरा

सगळ्या मुलांच्या चित्रांत एकाच कोपऱ्यात एकच ओरखडा होता. तरी बाहेरून आलेले परीक्षक हूगार सर खुशीत मान डोलवत होते. ग्रॅफाइटचे अणू कसे मोत्यांसारखे ओळीनं बसलेले! गिरिजा मठपतींनी मात्र दोन कागद एकावर एक धरून ओरखड्यावर बोट ठेवलं. बी.एस्सी.च्या या वर्गाला अणूंवरून सुई फिरवून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक त्याच शिकवत. ते चित्र यंत्र बसवायला आलेल्या माणसानं कधीकाळी काढलेलं. पोरं दरवर्षी तेच छापून आपलं म्हणून देत.

वर्गातल्या नीलवेणी या एकाच मुलीच्या कागदावर तेवढे करडे पट्टे होते. हूगारांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला.

"हे काय गं, चिखल?"

"बाहेरून सिलिंडरची गाडी गेली सर. सुई हादरली."

गिरिजाबाईंनी यंत्रावर बसायला सगळ्यांनाच बोलावलं होतं. आली ही एकटी. सुईची तार तिनं स्वतः तिरकी कापली होती, चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचा पापुद्रा काढून आतला कोरा थर वर आणला होता.

विभागप्रमुख अंगडी सर दचकले, ते भलत्याच गोष्टीला. दसऱ्याच्या आयुधपूजेला यंत्राच्या झाकणाला बांधलेला हळदीचा दोरा सोडला कुणी?

"मी," गिरिजाबाई म्हणाल्या.

"तुम्ही? सोमवार धरता, मठातलं कीर्तन चुकवत नाही, आणि पूजेचा दोरा सोडता?"

"म्हणूनच सोडला. देवाला नुसतं ओवाळायचं आणि नैवेद्य कधी दाखवायचाच नाही, असली पूजा मला नाही जमत, सर."

अंगडींनी गोडीनं समजावलं. पोरं पास होतात, कॉलेजचं नाव राहतं, तुमची नेमणूकही जूनमध्ये नव्यानं व्हायचीय. सगळ्यांना गुण देऊन गुणपत्रकावर सही करा नि मोकळ्या व्हा. गिरिजाबाईंनी नीलवेणीपुढं पुरते गुण मांडले, बाकीच्यांपुढं शून्य, आणि सही केली.

"एका पोरीपायी एवढं?" हूगार म्हणाले.

संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या सहीनं नवं गुणपत्रक गेलं. त्यात नीलवेणी काठावर पास होती. जूनमध्ये यायची गरज नाही, असा निरोप शिपायाकरवी आला.

राहिलेला चष्मा घ्यायला गिरिजाबाई यंत्राच्या खोलीशी आल्या. सवयीनं चपला बाहेर काढल्या. झाकणाला नवा दोरा होता, गाठीवर गाठ मारलेला. कुंकू अजून ओलं होतं. वाटेतल्या शेंदूर फासलेल्या दगडापुढंही ज्यांचा हात आपसूक कपाळाला जाई, त्या गिरिजाबाईंनी चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

हात तसाच खाली आला.