गाडीचं माहेर

"सिस्टर, गोड बातमी आहे! आधी बसा बघू," टेबलावरच्या फोनमधून विमावाला ओरडला.

धाकटी बसलेलीच होती. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणं हा तिचा धंदा, आणि आत्ता एका आजोबांच्या पायाची पट्टी अर्धी सुटलेली होती.

"बोला."

"आपल्या काठाचा कायदा बदलला. आजपासून विम्याचे दर दोन्हीकडे सारखे. आता कशाला रोज पायपीट करता? गाडी ठेवा आपल्या दारात आणि पत्ता इकडचा करून टाका."

"बरं," ती म्हणाली. आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बातमी गोड होती ना? मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

नदीच्या दोन काठांवर दोन सरकारं आणि दोन कायदे होते. अलीकडचा कायदा म्हणे, चूक कुणाचीही असो, जखमी होईल त्या प्रत्येकाचं औषधपाणी विम्याने करायचं. विचार चांगला, पण हप्ता असा की घोड्यापेक्षा नालच महाग. पलीकडे जुना कायदा: ज्याची चूक, त्याने भरावं. तिथला हप्ता निम्मा. अट एकच, रात्री गाडी कागदावरच्या पत्त्यावर उभी हवी. लोक पलीकडच्या मामा-मावश्यांचे पत्ते देत आणि गाड्या खुशाल आपल्या दारात ठेवत. धाकटीला असलं खोटं पचत नसे. ती रोज संध्याकाळी गाडी खरोखरच पलीकडे ठेवून पायी पूल ओलांडून घरी येई आणि सकाळी पुन्हा आणायला जाई. नवरा चारचौघांत सांगे, "लोकांच्या बायका माहेरी जातात, आमच्याकडे गाडी जाते."

पलीकडचा पत्ता आईच्या घराचा होता. तिथे आता ताई एकटीच राहायची. आई गेली त्या रात्री ताईने धाकटीला फोन केला नव्हता. केला तो सकाळी. परक्यांच्या उशाशी रात्री काढणारी धाकटी आपल्याच आईच्या उशाशी नव्हती, आणि हे तिने ताईला कधी माफ केलं नाही. बोलणंच टाकलं. गाडीचंही विमावाल्यानेच मध्ये पडून जमवलं. ताईने निरोपाला उत्तर दिलं नाही. अंगणातला आईचा गुलाबांचा वाफा अर्धा काढून तिथे फरशी घातली आणि रुंद फाटक बसवलं. गुलाब गेले म्हणून धाकटीला आणखी एक राग मिळाला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ताई फाटक उघडी आणि धाकटी गाडी लावी. "दव फार पडतं हल्ली," एवढंच ताई एकदा म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर आईची निळ्या चौकटींची जुनी चादर पांघरलेली होती. धाकटीने ती घडी करून ओट्यावर ठेवली. मग ते रोजचंच झालं. बोलणं नव्हतं, पण ताई दिसायची. खोकतेय का, पाय सुजलाय का, हे कळायचं. उद्यापासून कशावरून कळणार होतं?

त्या संध्याकाळी धाकटी सवयीने गाडी घेऊन पलीकडे गेली, तर ताई फाटकाशीच उभी होती.

"विमावाल्याने कळवलं मला. आता गाडी घरीच नेणार असशील."

"हं."

"बरं झालं. तुझीही दगदग वाचेल." ताई फाटकाचा गंज नखाने खरवडत राहिली. धाकटीने गाडी वळवली, आणि मग इंजिन बंद केलं. आज विचारलं नाही तर राहूनच जाईल, हे तिला कळत होतं.

"त्या रात्री फोन का नाही केलास, ताई?"

ताईने गंज खरवडणं थांबवलं. "तू आली असतीस तर आईला हात लावताच तुला कळलं असतं. तुझ्या तोंडावर मला ते दिसलं असतं. मला वाटत होतं, सकाळपर्यंत उतरेल ताप." तिचा आवाज फाटला. "चुकलं गं माझं. फार चुकलं."

अशा वेळी परक्या घरांत धाकटीला नेमकं काय बोलायचं ते सुचत असे. आज ती नुसतीच गाडी घेऊन पूल ओलांडून गेली आणि वाटभर रडली.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी तिच्या दारात उभी होती. नवरा खुशीत होता. नेहमीची वेळ झाली तशी धाकटीने चपला घातल्या.

"अगं, गाडी तर इथेच आहे!"

"असू दे," ती म्हणाली आणि निघाली.

फाटक लावलेलं होतं. तिने कडी वाजवली. ताई बाहेर आली आणि सवयीने तिच्या मागे रस्त्याकडे पाहू लागली.

"गाडी कुठंय?"

"घरी."

"मग?"

"मीच आलेय."

ताईने फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, जशी गाडीसाठी उघडायची तशी. धाकटी मोकळ्या फरशीवरून चालत आत गेली. ओट्यावर चादर घडी करून ठेवलेली होती. ताईने ती उचलली, दोनदा झटकली आणि आतल्या खोलीत जाऊन आईच्या पलंगावर अंथरायला लागली.

"मुक्काम आहे ना?" तिने पाठ न वळवताच विचारलं.

धाकटीने चादरीचं दुसरं टोक धरलं.