होमासाठी बंद केलेलं पाणी

चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या गोदामात टेस्टचा पंप सुरू करायला सांगितलं आणि घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीत हात घातला. इराच्या लंगोटांखालून लाल टॅगचा अर्धा तुकडा हाती आला.

गिंडीतली आमची कंपनी छोटी, इमारतींमध्ये स्प्रिंकलर बसवून देणारी. मालक जनकोजी सर, तंजावरकडचे मराठी, साठीला टेकलेले. त्यांचा नियम असा की जो व्हॉल्व्ह बंद करेल त्याने पुठ्ठ्याचा लाल टॅग मधोमध फाडायचा. अर्धा व्हॉल्व्हला बांधायचा, अर्धा आपल्याजवळ ठेवायचा. व्हॉल्व्ह पुन्हा उघडला की दोन्ही तुकडे सरांच्या टेबलावर नेऊन द्यायचे. तुकडा खिशात घेऊन कोणी घरी जायचं नाही.

अड्यारच्या कामावर मी शुक्रवारी गेले होते. आज सोमवार होता. तुकड्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘अड्यार, मेन, ९.१०’.

अड्यारच्या त्या सहा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर आहे, आणि पाळणाघरात माझी इरा होती. नऊ महिन्यांची.

गोदामाच्या पत्र्याखाली मे महिन्याची भट्टी पेटलेली, तरी माझे हात गार पडले. फिटर वर चढून पाइपांचे सांधे कापडाने पुसत होता, मला काहीतरी विचारत होता. मी त्याला थांब म्हटलं आणि बाहेर जाऊन एका ट्रकच्या सावलीला उभी राहिले. मी व्हॉल्व्ह उघडला होता ना? हाताला चाक फिरवल्याचं आठवत होतं. चाकाचा तेलकट वास आठवत होता. पण चाक काय, बंद करतानाही फिरवावंच लागतं.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या नव्या ऑफिसचा गणपती होम होता. चेन्नईत ऑफिस कितीही काचेचं असो, होमाशिवाय त्यात कोणी खुर्ची टाकत नाही. इमारतीचे मॅनेजर सत्यनारायण आदल्या दिवसापासून माझ्या मागे लागले होते, की धूर झाला तर तुमचा पाऊस पडेल आणि दोनशे कॉम्प्युटर भिजतील. मी त्यांना हसून समजावलं होतं. धुराने काही होत नाही. त्या छोट्या लाल काचेच्या कुपीला अडुसष्ट अंश उष्णता लागली तरच ती फुटते, आणि फुटली तरी तेवढी एकच. सगळ्या मजल्यावर एकदम पाऊस पडतो तो सिनेमात, सिनेमे जरा कमी बघा. चार माणसांसमोर मी हे जरा तोऱ्यातच बोलले होते. त्यांनी मान हलवली, पण चेहरा पडला.

मग सकाळी जाऊन पाहते तर होमकुंड बरोबर एका स्प्रिंकलरच्या खाली. फॉल्स सीलिंग, म्हणून छत ठेंगणं. तुपाच्या ज्वाळा त्या कुपीपर्यंत गेल्या असत्या. कुंड चार फूट सरकवा म्हटलं, तर शास्त्रीबुवा आग्नेय कोपरा सोडायला तयार होईनात. त्या मजल्यापुरतं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह एका कपाटात होता, आणि कपाटाला टेकून केळीचे खांब, नारळ, फुलांच्या टोपल्या असं सगळं रचलेलं. मुहूर्त टळत होता. मी म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. खाली पंपरूममध्ये गेले आणि सबंध इमारतीचा मेन व्हॉल्व्ह बंद केला. मध्येच कोणी उघडू नये म्हणून साखळी घालून कुलूप लावलं. टॅग बांधला. किल्ली पिशवीत टाकली.

दहा वाजता पाळणाघरातून निरोप आला की इरा बाटली तोंडात घेत नाही. तिचा तिथला तो चौथाच दिवस. मी धावत गेले, तिला जवळ घेतलं, ती रडत रडत प्यायली आणि माझं बोट मुठीत धरून झोपली. ते बोट सोडवायला मला पंचवीस मिनिटं लागली. खरं म्हणजे मला ते सोडवायचंच नव्हतं. मग होमाच्या मंडळींनी केळीच्या पानावर जेवायला बसवलं, वर पायसम वाढलं, गिंडीहून फोन आला, मी निघाले.

आठवत होतं ते एवढंच. उघडल्याचं कुठेच नव्हतं.

पाळणाघराचा फोन कोणी उचलेना. मुलांना झोपवताना तिथल्या अन्नपूर्णाबाई रिसीव्हर बाजूला काढून ठेवतात, ते मला माहीत होतं. मग मी पंपरूमवरच्या सुब्बाला लावला. माझं तमिळ मोडकं, त्याचं इंग्रजी माझ्या तमिळहून मोडकं. तो म्हणाला, काही काळजी नाही मॅडम, काट्यावर प्रेशर सात आहे. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच कळलं की तो काटा व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे, पंपाच्या बाजूला. व्हॉल्व्ह बंद असला तरी तो सातच दाखवणार. मी त्याला म्हटलं, चाकाच्या मधून आट्यांचा दांडा बाहेर आलेला दिसतो का बघ. व्हॉल्व्ह उघडा असेल तर दांडा वीतभर वर येतो. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मी मोजत राहिले. चाळीसपर्यंत पोचले.

दांडा नाही, तो म्हणाला. बोटभरही नाही. साखळी आहे, आणि तुमचं लाल कार्ड लटकतंय.

म्हणजे शुक्रवारपासून सहाही मजल्यांवरचे पाइप नुसते शोभेला होते. कुठे आग लागली असती तर कुपी फुटली असती, पाइपात अडकलेलं पाणी मिनिटभर गळलं असतं, आणि मग काहीच नाही. या व्हॉल्व्हला बंद झाल्यावर दिवा लागेल अशी तार जोडायची होती. ती पुढच्या आठवड्यात जोडणार होतो.

साखळी काप, मी सुब्बाला सांगितलं. तो म्हणाला, सत्यनारायण सरांना विचारून कापतो. मी म्हटलं, त्यांना नको विचारू. फोनवर तो काहीतरी शोधत असल्याची खडखड आली. 

त्या दोन-चार क्षणांत माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. आलं असं, की तीन दिवस काही झालं नाही. पाच वाजता इराला आणायला मी जाणारच आहे. जाता जाता पंपरूममध्ये शिरेन, कुलूप काढेन, चाक फिरवेन, दोन मिनिटांचं काम. कोणाला कळणार नाही. सर मला कामावरून काढणार नाहीत, सत्यनारायण माझ्याकडे पाहून हसणार नाहीत, इराची जागा जाणार नाही. ती जागा मला याच इमारतीचं काम आमच्याकडे आहे म्हणून मिळाली होती. बाहेर यादीत बावीस नावं होती. आणि या शहरात आमचं कोणी नाही. माझा नवरा पुष्कर सकाळी सहाला कंपनीच्या बसने गाड्यांच्या कारखान्यात जातो, तो अंधार पडल्यावर येतो.

घड्याळात साडेअकरा वाजले होते. फक्त साडेपाच तास.

तेवढ्यात सुब्बा आपणहून म्हणाला, की कापायची करवतही खाली नाही. ती वेल्डिंगवाल्यांनी नेली आहे. तिसऱ्या मजल्यावर एसीच्या नळांचं वेल्डिंग चाललंय, सकाळपासून.

तिसरा मजला. पाळणाघराच्या बरोबर डोक्यावर.

मी जनकोजी सरांना फोन लावला.

“सर, शुक्रवारी अड्यारचा मेन बंद केला होता. तो मी उघडला नाही.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. “सुब्बानें पाहिलें?”

“हो. बंदच आहे. किल्ली माझ्याकडे आहे, आणि मी गुम्मिडिपूंडीत. तिसऱ्यावर वेल्डिंग चालू आहे.”

“तुझी पोर कोठें?”

“तिथेच आहे, सर.”

 मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“सरी, बरें. साखळी कापायचें घेऊन मी निघतों, अर्ध्या घंट्यांत पोंचतों. वेल्डिंग थांबवायचें, पोरें खालीं उतरवायचें, हें सत्यनारायणास तूं सांगायचें. तुझ्या तोंडानें. मी सांगणार नाहीं.”

सत्यनारायण मीटिंगमध्ये होते. मी तीनदा फोन केला. चौथ्यांदा त्यांनी उचलला तेव्हा मी इंग्रजीतून, एकेक शब्द वेगळा करून, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“गुरुवारी तुम्ही मला सिनेमा कमी बघा म्हणाला होतात, मॅडम,” ते म्हणाले. “आता मुलांच्या आयांना कोणता सिनेमा सांगू?”

मी म्हटलं, जे झालं ते सांगा. माझं नाव सांगा. पण आधी वेल्डिंग थांबवा. त्यांनी फोन ठेवला. थांबवतो म्हणाले की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

गोदामातलं काम फिटरवर टाकून मी ऑफिसच्या व्हॅनमध्ये बसले. पन्नासेक किलोमीटर. बंदराकडे जाणारे कंटेनर रांगेने उभे. ड्रायव्हर बिचारा जमेल तिथून गाडी काढत होता आणि मधून मधून आरशात माझ्याकडे पाहत होता. इराच्या दुधाची वेळ टळून गेली होती. कुडता पुढून भिजला, मी ओढणी गच्च धरून बसले. सरांना फोन करावा तर ते स्कूटरवर असतील. सुब्बाचा लागत नव्हता. दक्षिणेकडच्या आकाशात मला सारखा धूर दिसत होता. ड्रायव्हर म्हणाला, तो थर्मल पॉवरच्या चिमण्यांचा, रोजचाच. या रस्त्याला मला तो नेहमी दिसतो. त्या दिवशी ओळखू आला नाही.

बारा पंचवीसला सरांचा मेसेज आला. OPEN. एवढंच.

मी तो चार-पाच वेळा वाचला. तरी खात्री पटेना. सर सत्तर वेळा तपासणारे, पण मी तिथे नव्हते. मीही शुक्रवारपासून तो उघडाच आहे असं समजत होते.

पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. पोर्चच्या सावलीत सतरंज्या टाकून चौदा मुलं बसवली होती. उन्हाची झळ तिथेही येत होती. अन्नपूर्णाबाई ओल्या पंच्याने एकेकाचं तोंड पुसत होत्या. त्याही तंजावरच्या, सरांसारखंच बोलतात. इराच्या कानावर दिवसभर मराठी पडेल म्हणून मी हरखले होते. इरा त्यांच्या मांडीवर होती, गाल लाल, डोळे रडून सुजलेले. मला पाहून तिने हात पसरले नाहीत. नुसती टक लावून पाहत राहिली.

“मीं पाण्याचा हात फिरविला हो,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “दूध घेईना. तुझीच वाट पाहत होती.”

मी तिला उचललं आणि खांबाआड जाऊन पाजलं. ती हावरटासारखी प्यायली, मध्येच थांबून हुंदका द्यायची, पुन्हा प्यायची. 

पाच-सहा आया ऑफिसातून खाली आल्या होत्या. पुढे होती रम्या, पाचव्या मजल्यावर काम करणारी, तिचा दोन वर्षांचा मुलगा तिच्या कमरेवर. ती सत्यनारायणना विचारत होती, पाणी बंद कोणी केलं? कोणाची चूक? सत्यनारायण माझ्याकडे न पाहता म्हणाले, स्प्रिंकलर कंपनीची. सर माझ्याजवळ उभे होते, शर्टाला ग्रीस लागलेलं. त्यांनीही माझं नाव घेतलं नाही.

“मी बंद केलं,” मी म्हटलं. “आणि उघडायला विसरले.”

रम्याने माझ्या खांद्यावरच्या इराकडे पाहिलं. “ही तुमची?”

“हो.”

तिने मुलाला दुसऱ्या कमरेवर घेतलं. मग तिने विचारलं, आता सुरू आहे कशावरून? सकाळीही सगळे सुरू आहे म्हणूनच समजत होते. तिचं काहीच चुकत नव्हतं.

मी इराला घेऊनच पंपरूममध्ये गेले. दांडा चाकातून वीतभर वर आला होता. तरी मी बोटाने त्याच्या आट्या चाचपल्या, चाक आणखी फिरतंय का ते पाहिलं. फिरलं नाही. सर दारात उभे होते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरचा टेस्टचा नळ सोडूया, सगळ्यांसमोर. सर स्वतः वर गेले. खिडकीतून बाहेर काढलेल्या पाइपातून आधी काळं, मग लालसर, मग स्वच्छ पाणी धो-धो अंगणात पडलं आणि पाणी वाहिलं की वाजणारी भिंतीवरची घंटा वाजायला लागली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. आया वाजवत नव्हत्या.

सत्यनारायणनी सांगितलं की वेल्डिंग उद्यापर्यंत बंद, मुलांना वर न्यायला हरकत नाही. त्यांनी मला सांगितलं की या इमारतीत माझं काम पुढे असेल की नाही ते पत्राने कळवतील. सर मला म्हणाले, उद्या नऊला गिंडीत ये, झालेलं सगळं कागदावर लिहून आण. लिहिल्यावर काय, ते बोलले नाहीत.

एकही आई हलेना. एकीने मुलाला घेऊन रिक्षा बोलावलीसुद्धा.

“तुम्ही घरी नेताय का तिला?” रम्याने मला विचारलं. आवाजात राग होता, पण प्रश्न खरा होता. “आधी तुमची वर जाऊ दे. मग मी बघेन.”

माझ्या मनात इराला घरी न्यायचंच होतं. दार लावून, पंख्याखाली तिला पोटाशी धरून निजायचं होतं. पण गोदामातली टेस्ट अर्धी राहिली होती, आणि मी जर माझी मुलगी त्या पाइपांखाली ठेवणार नसेन, तर दुसरीने का ठेवावी?

जिना चढताना इराने माझ्या कानातलं पकडलं. पाळणाघराच्या दारात मी वर पाहिलं, छतावरच्या लाल कुप्या मोजल्या. नऊ. मग तिला अन्नपूर्णाबाईंच्या हातात दिलं. ती लगेच रडायला लागली, कुडत्याची बाही सोडेना. मी एकेक बोट सोडवलं. या वेळी थांबले नाही.

जिन्याच्या वळणावर मला रम्या भेटली. तिचा मुलगा पायऱ्या मोजत, एकेक पाऊल टाकत वर येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी भिंतीला टेकून त्यांना वाट दिली.