गालगुंडाचा वाहक

एलादिओ बेनितेस याचा आवाज आमच्या वस्तीत सर्वांच्या परिचयाचा होता. चर्चच्या मनोऱ्यावरील कर्ण्यातून मृत्यूच्या वार्ता, हरवलेल्या गाईंची वर्णने आणि आरोग्यकेंद्राच्या सूचना तोच सांगत असे. प्रत्येक शब्दाचा उच्चार तो अत्यंत निष्ठेने करी. परंतु ज्याच्या वाणीकडे सारी वस्ती कान देई, त्याचे स्वतःचे कान मात्र सदैव आनास्तासिओच्या आंब्याखाली लागलेले असत.

आनास्तासिओ हा हार्प बनवणारा कारागीर. तो राजधानी असुन्सिओनहून परतल्यापासून त्याच्या अंगणातील त्या आंब्याखाली दररोज सकाळी तेरेरेची, म्हणजे थंड पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाची, बैठक भरे. शिंगाचा एकच पेला आणि एकच नळी. यजमान थंड पाणी ओतून पेला एकेकाच्या हाती देई. ज्याला पुरे झाले त्याने पेला परत करताना आभार मानावेत, म्हणजे पुढील फेरीत त्याला वगळतात. एलादिओची पत्नी पोर्फिरिया घरी दुसऱ्याच पेल्याला आभार मानून उठे. आंब्याखाली मात्र तिच्या मुखातून आभाराचा शब्द निघतच नसे! ज्या नळीला त्या परपुरुषाचे ओठ लागले, तिलाच पोर्फिरियाचे लागतात, या कल्पनेने एलादिओचे अन्नावरील चित्त उडाले होते.

अशा समयी वस्तीत गालगुंडाची साथ उद्भवली. आरोग्यकेंद्रातील परिचारिका ग्रिसेल्दा हिने एलादिओला बोलावून घेतले.

"हे बघा, डॉन एलादिओ, लोक सगळ्याला 'लागलं' एवढंच म्हणतात. त्यांना नीट फोड करून सांगा. जंतू अंगात शिरला की संसर्ग. एकाचं दुसऱ्याला गेलं की फैलाव. ज्याला स्वतःला काही होत नाही, पण दुसऱ्याला देत फिरतो, तो वाहक. आणि संशयित म्हणजे नुसता संशय, सिद्ध काही नाही. पेला-नळी ज्याची त्याने वेगळी ठेवायची. आणि नाव कोणाचं घ्यायचं नाही हं!"

एलादिओ मनोऱ्यापाशी गेला. संसर्ग आणि फैलाव या शब्दांचे अर्थ त्याने उत्तम रीतीने विशद केले. त्यानंतर तो तिसऱ्या शब्दाकडे वळला.

"वाहक म्हणजे, बंधुभगिनींनो, जो स्वतः ठणठणीत राहून इतरांच्या घरी रोग धाडतो. उदाहरणार्थ, आपले हार्पवाले आनास्तासिओ."

चिजाचे चिपा-पाव विकणारी म्हातारी ओब्दुलिया हातातली टोपली खाली ठेवून म्हणाली, "अगं बाई! म्हणजे माझ्या नातवाचा गाल त्यानं फुगवला होय?"

"पुरुषाला झालं तर खालीही उतरतं म्हणे," तिची शेजारीण म्हणाली. "मी आमच्या ह्यांना सांगितलंय, त्या आंब्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"तुझ्या ह्यांचं आता काय उरलंय गं उतरायला?"

हास्याचा कल्लोळ झाला खरा. पण दुसऱ्या दिवशी आंब्याखाली चिटपाखरूही फिरकले नाही. ग्रिसेल्दा संतापून एलादिओकडे आली.

"त्याला संशयित म्हणायलासुद्धा आधार नाही, आणि तुम्ही थेट वाहक केलंत? आत्ताच्या आत्ता शब्द मागे घ्या."

"शास्त्र तुमचं, वाणी माझी," असे म्हणून एलादिओने तिला वाटेला लावले. त्याच्या अंतःकरणात अपूर्व शांतता नांदत होती.

ती शांतता दुपारपर्यंतच टिकली. पोर्फिरियाने उकडलेला मांदिओका कंद आणि रस्सा बांधून घेतला.

"कुठे निघालीस?"

"आनास्तासिओकडे. कालपासून त्याच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. दुकानदारानं मीठसुद्धा लांबून फेकलं."

"अगं, तो वाहक आहे!"

"असेना का. मला लहानपणीच गालगुंड होऊन गेलंय, सहसा पुन्हा होत नाही. बाकी सगळे भ्यायलेत. तेव्हा आता सकाळ-संध्याकाळ मीच जाणार. एकटीच."

"एकटीच?"

"मग काय, बँड लावून जाऊ?"

ती गेली. एलादिओ ओसरीवर उभा राहिला. काल त्या आंब्याखाली दहा-बारा माणसे, पोरेबाळे, कुत्री होती. आज तेथे दोनच जीव उरणार, आणि तो एकांत त्याने स्वतःच्या कंठाने निर्माण केला होता. हे ध्यानी येताच तो अनवाणीच मनोऱ्याकडे धावला.

"बंधुभगिनींनो! आनास्तासिओ वाहक नाहीत. संशयितही नाहीत. मी त्यांच्याविषयी धादांत असत्य बोललो. आपापला पेला, आपापली नळी घ्या आणि त्यांच्या अंगणात जा. सर्वांनी जा. आत्ताच जा!"

माणसे ओशाळली आणि गेली. सायंकाळी अंगण पुन्हा भरले.

पोर्फिरिया घरी परतली ती प्रसन्न मुद्रेने. बऱ्याच दिवसांनी ती एलादिओला चिकटून बाकावर बसली.

"सगळ्या गावासमोर स्वतःला खोटारडा म्हणवून घेतलंस. असं कोण करतं रे?" तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. एलादिओने लज्जेने मान खाली घातली. खरे कारण त्याच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्याने गिळले.

"मोठ्या मनाचा आहेस तू," ती म्हणाली. "आनास्तासिओही तेच म्हणत होता."

एलादिओने आपला दंड हळूच सोडवून घेतला.