सीताबाईंना वाचता येणारी अक्षरं

भावेशचं लग्न झालं, त्या वर्षी म्हणजे २०१९ साली, त्याच्या बहिणीच्या लॅपटॉपवर माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक फॉन्ट आहे. वयाने लहान, पण माझं वळण जुन्या पाट्यांचं.

ते वळण भावेशचे आजोबा, दौलत पेंटर यांचं. भिवंडीतल्या कितीतरी पाट्या त्यांनी ब्रशने रंगवल्या. त्यांची बायको सीताबाई शेलार गावाहून डबा घेऊन यायच्या आणि ओल्या पाटीसमोर बसून एकेक अक्षर शिकायच्या. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. पन्नाशीत त्या निजामपुऱ्याच्या बाजारातल्या पाट्या वाचत चालू लागल्या. पुढे नवरा गेला, पण पाट्या होत्या, म्हणून त्या एकट्या बाजाराला जात.

भावेशच्या लग्नासाठी हिरव्या बांगड्या आणायला गेल्या, तर गल्लीभर छापील फ्लेक्स लागलेले, अक्षरांचं वळणच वेगळं. नेहमीचं दुकान सापडेना. विचारायची लाज वाटली. तशाच परत आल्या.

"आजी, बोर्ड तर पयल्यापेक्षा मोठा हाय," भावेश हसला.

"मोठा हाय रं. पन तो माज्याशी बोलत न्हाय."

त्यानंतर त्यांनी बाजार सोडला. मला वाचता येत नाही, असंच सांगू लागल्या.

त्यांची नात, भावेशची बहीण मृणाली मुंबईत अक्षरं घडवायला शिकत होती. तिने उरलेल्या पाट्या शोधल्या. एक तर नारपोलीत कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पडली होती. त्या पाट्यांच्या फोटोंवरून तिने मला घडवलं. जी अक्षरं मिळाली नाहीत, ती स्वतः काढली.

माझा पहिला कागद सीताबाईंनी बोट ठेवून वाचला. एका अक्षरापाशी थांबल्या.

"ह्यो त्यांचा न्हाय. पन चालंल, घरचाच हाय."

मग मिठाच्या डब्यावर, गोळ्यांच्या पाकिटावर मी बसलो. बाहेरही माझं कौतुक झालं. हॉटेलांच्या मेनूकार्डांवर लोक मला बघत, छान जुनं वाटतं म्हणत. बोट ठेवून कुणी वाचलं नाही. नवे फॉन्ट आले, तसे ते मला विसरले.

शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या खाटेवरचं छापील नाव सीताबाईंना वाचता येईना.

"ह्यी खाट माजीच हाय का, बाय?" त्यांनी मृणालीला विचारलं.

तिने माझ्या अक्षरांत त्यांचं नाव छापून आणलं आणि उशाशी चिकटवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

मित्रांनो, एखादी जुनी पाटी उतरवाल, तेव्हा आधी विचारा, ती कुणाला वाचता येते.

मला आता कुणी उघडत नाही. सीताबाई २०२४ साली, माघी गणपतीच्या आदल्या दिवशी वारल्या.