सुनेच्या हातची गाठ

सुनेच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी जगात किती सासवांना मिळत असेल कोण जाणे. मला मिळाली होती आणि मी ती अगदी मन लावून करत होते.

बुटांची कंपनी होती. मी उभा जन्म वीजमीटर वाचत घरोघर फिरलेली बाई. इतके जिने चढले-उतरले की निवृत्त झाल्यावर खुर्चीत बसलं तरी पाय हलत राहायचे. शेवटी मुलगाच कंटाळून म्हणाला, आई, तू कुठेतरी चालायला तरी जा. सून ज्या कंपनीत बुटांची डिझाइनं करायची, तिथे चालणारी माणसं हवी होती. नवा बूट दुकानात जायच्या आधी तो पायात घालायचा, डोंगरावर जायचं, बाजारात जायचं, ओल्या फरशीवरून चालायचं, आणि कुठे टोचतं, कुठे घसरतं ते येऊन सांगायचं. नव्या बुटाचा नमुना एकाच मापाचा बनवतात आणि बायकांच्या बुटांचं ते माप नेमकं माझंच निघालं. माझ्या पायांना आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, पण कुणी त्यांचा पगारही दिला नव्हता. पहिल्या दिवशी मी घरी आले ती मान ताठ करूनच.

सून वरच्या मजल्यावर बसायची. बरीच वर्षं ती दुसऱ्यांच्या बुटांना जीभ जोड, नाडीची भोकं आख, रंग बदल, असली कामं करत होती. या खेपेला पहिल्यांदाच तळापासून नाडीपर्यंत सबंध बूट तिचा होता. रविवारी डोंगरवाटेला चालेल आणि सोमवारी तोच घालून कामावर जाता येईल, असा हलका बूट कंपनीला हवा होता. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनीही एक केला होता. दोन्हींतला एकच पुढे जाणार, आणि कुठला ते मोठे साहेब ठरवणार. सुनेचा बूट गेला नाही तर ती पुन्हा भोकं आखायला बसणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं एवढंच.

मी तिची सासू आहे हे काही लपवलेलं नव्हतं. मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, सासूपेक्षा कडक परीक्षक आपल्याला कुठे मिळणार. सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी मनावर घेतलं. सुनेला मी त्याच संध्याकाळी बजावलं की घरात तू माझी लाडकी असशील, डोंगरावर मी तुला ओळखत नाही.

बूट हातात आला तेव्हा मला वाटलं डबा रिकामाच आहे. एवढा हलका बूट मी पाहिला नव्हता. तिने टाचेच्या मागचं ते कडक पुठ्ठ्यासारखं असतं ते काढून तिथे मऊ कापड दिलं होतं, सोल पातळ ठेवून खाली खोल खाचा पाडल्या होत्या. रंग करडा. साडीखाली दिसला तरी कुणी वळून बघणार नाही असा. मी नाक मुरडायची तयारी करूनच तो पायात घातला होता. पहिल्याच चढावर माझं नाक सरळ झालं.

आता नाडीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. थंडीत माझी कंबर धरली होती. वाकता येईना. तेव्हा सून रोज सकाळी निघताना दारात मला खुर्चीवर बसवून स्वतः खाली बसायची आणि माझ्या बुटांच्या नाड्या बांधायची. नीट बसून, आधी टाच मागे ठोकून, मग वरच्या दोन भोकांतून नाडीचा फास काढून, त्यातून दुसरी नाडी ओवून, आणि मग गाठ. बुटाच्या माणसाची गाठ ती. माझा मुलगा बाजूला चहा पीत म्हणायचा, तुम्हा दोघींचं हे बघा, आणि मला कुणी बूट सोडा, मोजासुद्धा घालून देत नाही. कंबर पंधरवड्यात सुटली. मी ते बोलले नाही. रोज सकाळी कुणीतरी आपल्या पायाशी बसून मन लावून काहीतरी करतंय, हे सुख मला नव्हतं सोडायचं.

त्या नाड्यांवर मी बूट फिरवला. डोंगराच्या मागच्या बाजूची खडीची वाट, पुलाखालचा शेवाळलेला रस्ता, बाजार, बँकेतली रांग, आणि आमच्या इमारतीचा जिना, तोही लिफ्ट चालू असताना. दुपारी कुणाच्या घरी गेले तर बूट बघून कुणी डोंगरावरून आलात का असं विचारलं नाही, आणि डोंगरावर कुणी बाजारातून आलात का असंही नाही. टेस्टिंगचे प्रमुख गळ्यात सदा टेप अडकवून हिंडायचे, त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणायचो. त्यांच्यासमोर मी रोज येऊन बूट काढायचे आणि सांगायचे, पकड चांगली, बोटं मोकळी, टाच जागच्या जागी. मोजपट्टी म्हणाले, मावशी, तुम्ही कशाचंच एवढं कौतुक कधी केलं नाहीत. मी म्हटलं, मी कुणाची मावशी नाही, आणि कौतुक करण्यासारखं आधी तुम्ही कधी दिलं नाहीत.

खरं सांगायचं तर मी फुगले होते. सुनेचा बूट निघावा तर असा. मी ते तिच्या तोंडावर म्हटलं नाही, पण शेजारणीला तीनदा सांगितलं, म्हणजे ते तिच्यापर्यंत पोचायचं ते पोचलंच.

निर्णयाच्या आदल्या दिवशी सून पहाटेच कंपनीत गेली. तिला सगळे नमुने मांडायचे होते. दारात मी एकटीच. मी खाली बसले, माझ्या जन्माच्या सवयीने दोन गाठी मारल्या आणि शेवटच्या फेरीला निघाले. चढ नेहमीसारखा झाला. उतार सुरू झाला आणि प्रत्येक पावलाला माझी टाच बुटात उचलली जाऊ लागली. आधी वाटलं मोजा गोळा झाला असेल. थांबून मोजा ओढला. पुढे पुन्हा तेच. खाली पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड. जन्मभर जिने उतरलेल्या माझ्या पायांना फोड.

रिक्षाने घरी आले आणि पाय कोमट पाण्यात सोडून बसले. मोजपट्टींकडे गेलेच नाही. डोक्यात नको ते येत होतं. आज मी गेले नसते तर काय झालं असतं. आदल्या दिवसापर्यंतचं सगळं मी सांगितलेलं होतंच. मूग गिळून बसले तर उद्या सुनेचाच बूट पुढे जाईल, आणि फोड काय, आठवड्यात बरे होतात. मला माझाच राग आला. आयुष्यभर कुणाच्या मीटरचा आकडा मी कमी लिहिला नव्हता, भलेभले दारात गयावया करत असताना. आणि आता घरचा मीटर आला म्हणून हात मागे घेणार होते.

सून संध्याकाळी आली ती दमून, पण तोंडावर उजेड घेऊन. मी मटार सोलत होते. तिने पर्स ठेवली आणि माझ्या पायांकडे बघितलं. टाचांना पट्ट्या होत्या. तिच्या तोंडावरचा उजेड गेला, पण आवाज तसाच राहिला.

"उतारावर?"

"उतारावर. टाच उचलली जाते. आजच. याआधी कधीच नाही."

ती समोर बसली. थोडा वेळ तिने मटाराची एक शेंग हातात घेऊन नुसती फिरवली.

"आज नाडी तुम्ही बांधलीत."

मी हो म्हटलं. तिने शेंग ताटात ठेवली. मला अजून काही समजलं नव्हतं. ती उठून बूट घेऊन आली, माझ्या दोन गाठी सोडल्या, आणि वरच्या भोकांना बोट लावून मला दाखवलं. टाचेच्या मागचं कडक काढल्यामुळे टाच धरायला बुटात काहीच उरलं नव्हतं. टाच धरून ठेवत होता तो वरच्या भोकांतला फास. फास बांधायची ती. इतके दिवस डोंगर उतरली होती तिची गाठ, बूट नव्हे. आणि ती रोज इतक्या मायेने ती बांधत होती की आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मला तिची बाजू घ्यायची घाई झाली. मी म्हटलं, त्यात काय एवढं, डब्यात एक कागद टाक, नाडी अशी बांधा म्हणून, चित्र काढून. लोक शिकतील. सून हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

"आई, लोक दुकानातून बूट घेतील. सून कुठून आणतील?"

मी मटारांचं ताट तिच्याकडे सरकवलं. मग ती म्हणाली, तुमची कंबर बरी झाली हे मला केव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग का बांधत राहिलीस. ती म्हणाली, तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून. आणि मटार सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या खोलीत टेबलावर दोन बूट ठेवले होते. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कोट घालून आले होते. त्यांचं आधी झालं, छान झालं. मग सुनेची पाळी. मला वाटलं आता ती सोल दाखवेल, वजन सांगेल. तिने मला आत बोलावलं.

तिने मोठ्या साहेबांना सांगितलं की आता ती स्वतः या बुटाला हात लावणार नाही. मग मला म्हणाली, तुम्ही तुमच्या सवयीने बांधा आणि जिना उतरा. मी बसले, दोन गाठी मारल्या. सगळी माणसं जिन्याच्या वर उभी. मी उतरायला लागले. पट्ट्यांवरून टाच घासत होती आणि प्रत्येक पायरीला बुटातून वर येत होती. लपवायला जागाच नव्हती. मोजपट्टींचा हात टेपवर गेला आणि तिथेच राहिला. मोठ्या साहेबांनी वरूनच विचारलं, परवापर्यंत तुम्हीच पास म्हणत होतात ना.

"परवापर्यंत मी सुनेच्या हाताने चालत होते," मी म्हटलं. "आज माझ्या पायाने चालतेय."

मग सुनेने सगळं सांगितलं. काही राखून न ठेवता, कुणावर न ढकलता. रोज सकाळी नाडी मी बांधून दिली, चाचणी माझ्यामुळे बिघडली, बूट अजून तयार नाही. मी जिन्याच्या खाली उभी होते आणि माझा ऊर असा भरून आला होता की वर चढायचं सुचेना. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं. तो अभ्यास करून पहिला आला होता. ही माझ्यासमोर स्वतःचाच बूट नापास करत होती आणि तिची मान खाली नव्हती.

त्या हंगामाला कोटवाल्यांचा बूट गेला. चांगला होता, मी नंतर फिरवला, खोट काढायची म्हणून फक्त रंगात काढली. सून परत भोकं आखायला बसली. संध्याकाळी कंपनी सुटल्यावर मात्र ती आपला तो करडा बूट समोर घेऊन बसायची. मोजपट्टींनी तिला स्वतःहून जुन्या चामड्याचे तुकडे आणून दिले आणि त्यांचा गळ्यातला टेपही, जो ते कुणाला द्यायचे नाहीत. घरी जेवताना ती माझ्या टाचेकडे बघायची. मी जेवणाच्या ताटासमोर पाय पुढे करून बसायची सवय लावून घेतली.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी तिने दारात डबा ठेवला. तोच करडा बूट. तेवढाच हलका. फक्त टाचेच्या मागून एक बारीक पट्टी निघून दोन्ही बाजूंनी नाडीच्या खालच्या भोकांत शिरली होती. नाडी कशीही ओढा, पट्टी टाच धरणार. मी खाली बसले. सून भिंतीला टेकून उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. बोटांना चाळा नको म्हणून असणार. मी मुद्दाम ढिली गाठ मारली, आळशी माणूस मारतो तशी.

डोंगराच्या मागच्या उतारावर मी तिला खाली थांबायला सांगितलं आणि सगळ्यात वाईट वाटेने उतरले. घसरड्या खडीवरून, मध्ये एका दगडावरून उडी मारून, जी माझ्या वयात मारायची नसते. टाच जागची हलली नाही. तिच्यासमोर येऊन उभी राहिले तेव्हा मला धाप लागली होती. ती माझ्या पायांकडे बघत होती. मी मोजपट्टींना सांगते त्याच आवाजात सांगितलं की पकड चांगली, बोटं मोकळी, टाच जागच्या जागी. मग मला त्या आवाजात राहता येईना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं की मला तुझा अभिमान वाटतो, आणि हे मी शेजारणीला सांगायच्या आधी तुला सांगतेय.

बूट या हंगामाला दुकानात गेला. बाजारात परवा एका बाईच्या पायात दिसला. भाजीची पिशवी घेऊन भराभर उतरत होती, नाडीची गाठ कशीतरीच मारलेली. मी तिच्या मागे अर्धा रस्ता गेले. टाचेवर नजर ठेवून. टाच जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि पाय पुढे केला. सून पर्स खांद्याला अडकवत होती. ती थांबली.

"कंबर धरली का?"

"कंबर ठणठणीत आहे," मी म्हटलं. "चाचणी संपली. आता बांध."