चार परदेशी कॅपा

डॉक्टरांना त्यांचे पेशंट पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणत, आणि तेही कमीच होतं. रेडिओचं बटण निदान फिरवता येतं. दातांचे हे डॉक्टर एकदा पेशंटच्या तोंडात आरसा घालून सुरू झाले, की दाढ भरून होईपर्यंत थांबत नसत. पेशंट बिचारा आ वासून पडलेला. त्याला हो म्हणायची सोय नाही, नाही म्हणायची त्याहून नाही. इतका गुणी श्रोता दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाही, आणि डॉक्टरांनी तीस वर्षं त्याचा पुरेपूर फायदा घेतला होता.

अलीकडे त्यांचा विषय एकच होता: परदेशात जाऊन दात करून आणणारे लोक. शहरातल्या डॉक्टरांचे भाव ऐकूनच लोकांची दातखीळ बसायची, म्हणून अर्धं शहर विमानात बसून तिकडे जायचं. विमानाचं तिकीट धरूनही काम स्वस्त पडायचं.

“चार दिवसांत आठ दात!” खुर्चीतल्या एका शिंप्याची दाढ कोरता कोरता डॉक्टर म्हणाले. “दात बसवतात की फरशी? आणि वर समुद्र बघून येतात, फोटो काढतात. काय ते फोटो! नुसती बत्तिशी!”

शिंप्याचा स्वतःचा मेहुणा तिकडे जाऊन आला होता आणि मजेत होता, पण हे सांगायला शिंप्याकडे तोंड कुठे होतं?

येत्या शनिवारी दंतवैद्यांच्या संघटनेत डॉक्टरांचं याच विषयावर भाषण होतं. भाषण पाठ होतं, टोमणे तयार होते, फक्त पुरावा नव्हता. सभेला दाखवायला बिघडलेला एक तरी जबडा हवा होता, आणि तो मेला काही केल्या दारात येत नव्हता.

रविवारी दुपारी ताई जेवायला आली. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी लिहून घेण्याच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झालेली. जेवता जेवता तिने गाजराचा तुकडा उचलला आणि उजव्या दाढेखाली कडाकड फोडला. दोन वर्षं ती सगळं डावीकडून चावत होती. डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

“ताई, आ कर.”

“जेवू दे की रे, बाळ.”

“आ कर म्हणतो ना!”

उजवीकडे चार नव्या कोऱ्या कॅपा चमकत होत्या. गेल्या महिन्यात ताई मैत्रिणीबरोबर ‘हवापालटाला’ गेली होती, तो हवापालट कसला होता ते आता कळलं.

डॉक्टरांना राग आला. यायलाच हवा होता. पण रागाच्या मागोमाग त्यांना आनंदही झाला, आणि त्याची त्यांना काडीची लाज वाटली नाही. पुरावा आपल्या पायांनी घरी आला होता, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या तोंडात!

“चल खाली दवाखान्यात,” ते म्हणाले.

“अहो, वन्संना जेवू तरी द्या,” बायको म्हणाली. पण तिचं ऐकायची त्या घरात पद्धत नव्हती.

खुर्चीत ताईला आडवं करून डॉक्टरांनी दिवा ओढला आणि रेडिओ सुरू झाला. “बघ, हिरडी सुजलेली असणारच... ही नाहीये, पण पुढची असेल... कॅप आणि दात यांच्यात फट असणारच...” टोकदार सळई त्यांनी चारही कॅपांच्या कडेने फिरवली. ती कुठेच अडकली नाही. दात नीट जुळतात का बघायला निळा कागद चावायला दिला. खुणा जिथे पडायला हव्यात तिथेच पडल्या. एक्स-रे काढला, तो दिव्यासमोर धरला, उलटा करून धरला. काम इतकं नेटकं होतं की तसं काम आपल्या हातून शेवटचं कधी झालं होतं, हे डॉक्टरांना आठवेना.

“अरे पण माझ्याकडे यायचं ना!” ते चिडून म्हणाले. “मी फुकट केलं असतं!”

ताईने पर्समधून एक पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. तिकडच्या डॉक्टरने काम सुरू करण्याआधी काढलेला एक्स-रे होता. त्यात मागच्या दाढेवर आपल्या या डॉक्टरांनी पूर्वी स्वतः बसवलेली कॅप होती आणि तिच्याखाली कीड पार मुळापर्यंत उतरली होती.

“दोन वर्षं ही दाढ ठणकत होती,” ताई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तीनदा बोलले. तिन्ही वेळा तुझा हात माझ्या तोंडात होता. तू म्हणालास, ‘बरोबर आहे, ताई, लोकांना अक्कलच नाही.’”

डॉक्टरांनी तो एक्स-रे पुन्हा दिव्यासमोर धरला.

“तिकडच्याला काय सांगितलंस?” त्यांनी हळूच विचारलं. “भाषा तरी येते का तुला त्याची?”

“नाही येत. त्याने विचारलं, हात बाहेर काढला आणि थांबला. मी बोट दाखवलं. तो परत थांबला. मी रडले, तरी थांबूनच होता. तक्रार अशी घेतात, बाळ. मी जन्मभर तेच केलंय.”

डॉक्टरांना भडभडून आलं. बहिणीचं दुखणं आपल्या हाताखाली दोन वर्षं पडून होतं, आणि आपण मात्र तिला जगाची अक्कल शिकवत बसलो. शनिवारचं भाषण मनातल्या मनात केव्हाच केराच्या टोपलीत गेलं होतं. त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि मनापासून विचारलं, “अजून कुठे दुखतंय का, ताई?”

“आता विचारलंस म्हणून सांगते. डावीकडे वरच्या बाजूला, थंड लागलं की—”

“वरच्या बाजूला?” डॉक्टरांची दोन बोटं आरशासकट उजवीकडून आत गेलीसुद्धा. “अगं, वर काही नसणार. तुला सवयच आहे, लहानपणापासून तू—”

ताईने दात मिटले. उजवीकडचे, चारही नवे, डॉक्टरांच्या बोटांवर.

डॉक्टरांची किंकाळी वरपर्यंत गेली. बायको अर्धा जिना उतरून ओरडली, “काय झालं हो?”

ताईने त्यांचं मनगट धरून हात आपल्या तोंडातून बाहेर काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “मी बोलतेय.”